रामगुलामांच्या समाधीवर फुलं वाहण्याआधी : मॉरिशसला निघालेल्या शिष्टमंडळांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून मॉरिशसच्या दौऱ्यावर जाणारे मंत्रिमहोदय, आमदार, साहित्य-संस्कृतीच्या शिष्टमंडळांचे सदस्य आणि त्यांची भाषणं लिहून देणारे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मॉरिशसच्या दौऱ्याचा कार्यक्रम आता तोंडपाठ व्हावा इतका ठरून गेला आहे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, गंगा तलाव, तिथल्या मराठी मंडळींनी बसवलेला झाकरीचा नाच, मग जेवण. मध्येच कुठेतरी अर्धा तास काढून पाम्प्लमूसच्या बागेत मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या समाधीवर फुलं. २०२३ मध्ये मॉरिशसमध्ये शिवरायांचा पुतळाही उभा राहिला, तेव्हापासून हार दोन न्यावे लागतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते समाधीपाशी होणाऱ्या भाषणाबद्दल. बिहारी मजुराचा मुलगा, गांधीजींची प्रेरणा, हिंदी महासागरातला छोटा भारत, टाळ्या. पक्ष कुठलाही असो, मजकूर तोच.

त्यातलं खोटं फार थोडं आहे. पण त्या भाषणात जे येत नाही, तेच महाराष्ट्रातल्या राजकारणात मुरलेल्या तुम्हा मंडळींना जास्त ओळखीचं वाटेल. रामगुलाम हे तडजोड करणारे राजकारणी होते, हाडाचे. देश फुटता फुटता राहिला तो त्यांच्या तडजोडीमुळे, आणि देशाची बेटं गेली तीही त्यांच्याच तडजोडीमुळे. फुलं वाहायची तर दोन्ही सांगून वाहावीत, एवढंच या पत्रातून मागायचं आहे.

सुरुवातीचं थोडक्यात उरकतो, कारण तेवढं तुमच्या टिपणात असतंच. जन्म १८ सप्टेंबर १९००, फ्लाक जिल्ह्यातलं बेल रीव गाव. वडील मोहित हे बिहारमधून १८९६ मध्ये गिरमिटावर आलेले. मुलगा सात वर्षांचा असताना ते वारले. बाराव्या वर्षी गोठ्यात झालेल्या अपघातात मुलाचा डावा डोळा गेला. १९२१ मध्ये तो वैद्यकी शिकायला लंडनला गेला आणि परतला तो थेट १९३५ मध्ये. चौदा वर्षं! एवढ्या काळात हिंदी विद्यार्थ्यांच्या चळवळीत वावर झाला, फेबियन समाजवाद्यांशी ऊठबस झाली, आणि साहेबाशी साहेबाच्याच दिवाणखान्यात बसून बोलणी कशी करायची याचा सराव झाला. हा सराव पुढे त्यांच्या उपयोगीही पडला आणि अंगाशीही आला.

आता भाषणात न येणारा पहिला भाग. ज्या मजूर पक्षाचे ते नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो, तो पक्ष त्यांनी काढलेला नाही. तो १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी काढला. ते क्रेओल होते, म्हणजे आफ्रिकी आणि युरोपी रक्ताच्या मिश्र समाजातले. त्यांच्यामागून आलेले इमॅन्युएल आंक्तील क्रेओल. गोदी कामगारांच्या संपानंतर १९३८ मध्ये सरकारने त्यांना उचलून रॉड्रिग्ज बेटावर नेऊन ठेवलं. नंतरचे गी रोझमाँ, तेही क्रेओल. उसाच्या मळ्यांतल्या हिंदी मजुरांसाठी हे लोक सरकारच्या आणि साखर कारखानदारांच्या अंगावर गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यात पोलिसांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अंजले कुपेन नावाची गरोदर बाई होती. त्या दिवसांत डॉ. रामगुलाम रस्त्यावर नव्हते. गव्हर्नरने १९४० मध्ये नेमलेले सदस्य म्हणून ते कायदेमंडळात बसत होते. मजूर पक्षात ते मागाहून आले, आणि १९५६ मध्ये रोझमाँ वारल्यावर पक्षाची सूत्रं त्यांच्याकडे आली.

म्हणून त्यांना कमी लेखायचं कारण नाही. कायदेमंडळात बसून राज्यघटनेचा एकेक खिळा सैल करणं हेही कुणीतरी करायला लागतं. १९४८ च्या निवडणुकीआधी नियम बदलला आणि कुठल्याही एका भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं. गावोगाव रात्रीचे वर्ग चालले, बासदेव विष्णुदयाल यांच्या कार्यकर्त्यांनी मजुरांची बोटं धरून त्यांना सही शिकवली. मतदार १२ हजारांच्या आसपास होते, ते ७२ हजारांच्या घरात गेले. त्या निवडणुकीत रामगुलाम प्रथमच लोकांच्या मतांवर सभागृहात आले. पण समाधीपाशी उभं राहून ‘यांनी देश स्वतंत्र केला’ असं म्हणून थांबलात, तर क्युरे, आंक्तील, रोझमाँ आणि अंजले यांना तुम्ही एका वाक्यात पुसून टाकता. समोर खुर्चीत बसलेल्या क्रेओल पाहुण्याला ते कळतं. तो बोलत नाही, कारण तुम्ही पाहुणे.

दुसरा भाग आकड्यांचा. ऑगस्ट १९६७ मध्ये तिथे निवडणूक झाली ती स्वातंत्र्य हवं की ब्रिटनशी जोडून राहायचं या एकाच प्रश्नावर. रामगुलामांच्या आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, गाएताँ द्युवाल यांच्या पक्षाला २३. मतांकडे बघा : शंभरातल्या सुमारे ४४ जणांनी स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक चक्रावतात. गुलामी कुणाला हवी असते? पण तिथल्या क्रेओल, चिनी आणि गोऱ्या माणसाला भीती इंग्रजाची नव्हती, हिंदूंच्या बहुमताची होती. स्वातंत्र्य म्हणजे आपल्यावर त्यांचं राज्य, असा हिशेब होता. अनेकांनी बाडबिस्तारा बांधून ऑस्ट्रेलिया गाठलं. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुसलमान यांच्यात दंगे पेटले, ब्रिटिश पलटण उतरवावी लागली. १२ मार्च १९६८ ला, म्हणजे दांडीयात्रेच्या तारखेला, शाँ द मार्सच्या मैदानावर झेंडा चढला तेव्हा समारंभाला येणारी राजकन्या आलीच नाही; तिथली हवा तिला सुरक्षित वाटेना.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान देश, आठेक लाख लोक, जवळपास निम्म्यांना हा देशच नको होता, आणि पिकतो फक्त ऊस. अशा वेळी ३९ जागांवर बसलेला नेता काय करतो? आपल्याकडची अलीकडची उदाहरणं डोळ्यांसमोर आणा. रामगुलामांनी १९६९ मध्ये द्युवाल यांच्या पक्षाला सरकारात घेतलं आणि द्युवाल यांना परराष्ट्रमंत्री केलं. ज्याने ‘हा देश नको’ म्हणून गावोगाव सभा घेतल्या, त्यालाच देशाचा चेहरा म्हणून जगात पाठवलं! रामगुलामांचे स्वातंत्र्याच्या लढ्यातले जोडीदार सुखदेव विष्णुदयाल विरोधी बाकांवर जाऊन बसले. त्यांच्या दृष्टीने ही सरळ गद्दारी होती. पण त्या निर्णयाने एक गोष्ट झाली. हरलेल्या ४४ टक्क्यांना सरकारात आपलं कुणीतरी दिसू लागलं.

त्याच स्वभावाची दुसरी खूण तिथल्या निवडणूक पद्धतीत आहे, आणि आरक्षणावर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या सभागृहांनी ती मुद्दाम समजून घ्यावी. ६२ जागा मतांनी भरतात. त्यानंतर हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना सभागृहात घेतलं जातं, कुठल्या समाजाला जागा कमी पडल्या हे बघून. समाज चार : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण’, ज्यात क्रेओल आणि गोरे दोन्ही येतात. उमेदवाराला अर्जावर आपला समाज लिहावा लागे. ही व्यवस्था स्वातंत्र्याआधीच्या भांडणांतून निघाली आणि ती कुणालाच पुरती आवडली नाही. माणसाला जन्मभर एका रकान्यात बसवते म्हणून तिच्यावर टीका होते, आणि मला ती टीका पटते. शिवाय समाजांची शेवटची मोजणी १९७२ च्या जनगणनेत झाली, पुढे ती बंदच केली, तरी हिशेब त्याच जुन्या आकड्यांवर चालत आला. आपले मराठी लोकही या घटनेत ‘हिंदू’ या रकान्यातच मोजले जातात. तेव्हा एखाद्या मंत्र्याने तिथे जाऊन ‘आपलं बहुमत, आपली संस्कृती’ असं काही ठोकून दिलं, तर तो कुठल्या जुन्या जखमेवर बोट ठेवतो हे त्याला माहीत असायला हवं.

आता बेटांचं.

सप्टेंबर १९६५. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या भवितव्यावर परिषद चालू होती. रामगुलाम तेव्हा प्रीमियर होते, नुकतीच ‘सर’ ही पदवी मिळालेली. ब्रिटनला हवं होतं मॉरिशसच्या ताब्यातलं चागोस द्वीपसमूह, कारण त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ बांधायचा होता. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला भेटीला बोलावलं. आदल्या दिवशी विल्सन यांच्या सचिवाने एक टिपण लिहून ठेवलं होतं आणि ते पुढे उघड झालं. त्याचा मथितार्थ असा : या माणसाला आशेनेच घाबरवायचं, स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणाने वागला नाही तर ते मिळणार नाही ही धास्ती. भेटीत विल्सन यांनी साधारण तेच ऐकवलं. घरी जाताना स्वातंत्र्य घेऊन जाता येईल किंवा न घेता; बेटं संमतीने वेगळी झाली तर सगळ्यांचंच बरं.

मघाशी त्या चौदा वर्षांच्या सरावाबद्दल लिहिलं ते यासाठी. साहेबाचा दिवाणखाना त्यांना परका नव्हता, आणि तिथे आवाज चढवायचा नसतो हे ते शिकलेले होते. त्यांनी तत्त्वतः होकार दिला. नोव्हेंबरमध्ये बेटं तोडली गेली, बदल्यात ३० लाख पौंड आले. पन्नासेक वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०१९ ला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या मतात सांगितलं की ती संमती मोकळ्या मनाने दिलेली मानता येत नाही आणि बेटं तोडणं बेकायदा होतं. रामगुलामांच्या बाजूने एवढं बोलता येतं. माझ्या मते ते वजनदार आहे. पिस्तूल टेबलावर ठेवून घेतलेली सही ही सही नसते.

पण पुढचं काही त्या पिस्तुलावर ढकलता येत नाही. चागोसवरून हाकललेले दीडेक हजार लोक, कित्येक पिढ्या नारळाच्या बागांत राबलेले, १९७३ पर्यंत बोटींतून आणून मॉरिशसच्या आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडले गेले. त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. हे सरकार स्वतंत्र होतं आणि रामगुलाम त्याचे पंतप्रधान होते. ते पैसे त्या माणसांच्या हातात पडले ते १९७७-७८ मध्ये. तोवर ती माणसं पोर्ट लुईच्या रोश ब्वा आणि कासी इथल्या झोपड्यांत होती. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं काही समजवायला नको. मजुराच्या मुलाच्या राज्यात हे झालं, आणि त्या भाषणात ते कधीही येत नाही.

सत्तरच्या दशकातही भाषणात न येणारं बरंच आहे. सप्टेंबर १९७० मध्ये खुद्द रामगुलामांच्या त्रिओले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि पॉल बेरांजे या तरुण गोऱ्याच्या नव्या पक्षाने ती धुवून नेली. गोदीतले आणि मळ्यातले मजूर आता ‘चाचां’च्या, म्हणजे लोक ज्यांना प्रेमाने चाचा म्हणत त्या रामगुलामांच्या, विरोधात संप करू लागले. चाचांनी आणीबाणी आणली, वर्तमानपत्रांवर नियंत्रण घातलं, बेरांजे आणि त्यांच्या साथीदारांना खटल्याविना कोंडलं आणि १९७२ ची निवडणूक १९७६ वर ढकलली. आपल्याकडे १९७५ साली जे झालं त्याची रंगीत तालीम तिथे आधीच होऊन गेली होती म्हणा ना!

तरीही हा माणूस हुकूमशहाच्या साच्यात बसत नाही. २० मे १९७५ ला शाळांमधली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. गणवेशातली पोरं-पोरी दप्तरं सांभाळत पोर्ट लुईच्या दिशेने चालत निघाली आणि शहराच्या तोंडाशी असलेल्या पुलावर पोलिसांनी त्यांना अश्रुधुराने अडवलं. मागण्या साध्या होत्या. चांगल्या शाळा श्रीमंतांच्या का? फी भरता येत नाही त्याने शिकायचंच नाही का? पुढच्या वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, रामगुलामांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याचं जाहीर केलं आणि १९७७ पासून ते अमलातही आलं. मतांसाठी केलं, असं विरोधक म्हणाले. असेल. शिवाय ज्यांच्यासाठी केलं त्यांनी, नुकत्याच मत मिळालेल्या १८ वर्षांच्या पोरांनी, मोठ्या संख्येने बेरांजे यांच्या पक्षालाच मतं दिली. तो पक्ष ३४ जागा घेऊन पहिला आला. रामगुलाम २८ वर राहिले आणि द्युवाल यांच्या आठ जागांचा टेकू लावून पुन्हा पंतप्रधान झाले. ७० च्या सभागृहात ३६. या गणिताचं तुम्हाला नवल वाटणार नाही.

१९७० चा निर्यात विभागाचा कायदा, १९७५ मध्ये युरोपशी झालेला साखरेचा करार, कापड गिरण्यांत कामाला लागलेल्या बायका, मोफत दवाखाने, म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, यावर अर्थखात्याची माणसं तुम्हाला चांगली टिपणं देतील. साखर कारखाने त्यांनी गोऱ्या मालकांकडून काढून घेतले नाहीत, एवढं त्यात घाला. समाजवादी म्हणवणाऱ्याने तेही सोडून दिलं, आणि कर बसवून भागवलं.

जून १९८२ मध्ये हिशेब चुकता झाला. रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालेलं, बेकारी, भ्रष्टाचाराची प्रकरणं. थेट निवडून द्यायच्या मॉरिशस बेटावरच्या सगळ्या ६० जागा विरोधकांकडे गेल्या, साठास शून्य. वयाच्या ८१ व्या वर्षी रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. आणि त्यांनी खुर्ची सोडली. लष्कर नव्हतं हे खरं, पण आणीबाणीचे कायदे वापरून झालेला हा माणूस होता. काही करायचंच म्हटलं असतं तर वाट सापडली असती. त्या काळी आफ्रिकेत मतपेटीतून सरकार बदलणं इतकं दुर्मीळ होतं की माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस १२ मार्च नाही, हा पराभवाचा दिवस आहे. पुढे जिंकलेल्यांत फूट पडली, आणि त्यांना हरवणाऱ्या अनिरुद्ध जगन्नाथांनीच १९८३ च्या अखेरीस त्यांना गव्हर्नर जनरल केलं. गिरमिट्याचा मुलगा साहेबाच्या ले रेदुई वाड्यात राहायला गेला. १५ डिसेंबर १९८५ ला तिथेच वारला.

मुलगा नवीन रामगुलाम पुढे पंतप्रधान झाला. १९९५ मध्ये, मग २००५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. त्यातल्या १९९५ ला आणि २०२४ ला, दोन्ही वेळा साठास शून्यनेच, आणि दोन्ही वेळा जोडीला बेरांजे, बापाने तुरुंगात टाकलेले. घराणेशाही आणि जुळवाजुळव हे विषय मी तुम्हाला समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. मे २०२५ मध्ये चागोस परत देण्याच्या करारावर मॉरिशसतर्फे सही केली ती याच मुलाने. दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने तसाच राहील असं त्यात लिहिलं आहे. घराण्याचा स्वभाव जात नाही.

आता विनंत्या. समाधीवर फुलं जरूर वाहा, पण दौऱ्यातला एखादा तास समुद्रकिनाऱ्यावरून काढून रोश ब्वाला जा आणि चागोसच्या लोकांच्या संघटनांना भेटा. भाषणात क्युरे, आंक्तील, रोझमाँ ही तीन नावं घ्या. उच्चार तिथल्या कुणालाही विचारले तर सांगतील. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ‘तुम्ही आमचेच’ हे जरा कमी म्हणा. रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून गेलेल्यांची ती पाचवी-सहावी पिढी आहे. कारकुनाने बापाचं नाव आडनाव म्हणून लिहिलं आणि तेच चिकटलं, तरी गणपती त्यांनी टिकवला, शाळेत मराठी टिकवली, आणि तो देश हवा की नको या भांडणात त्यांनीही भोगलं. त्यांना रामगुलामांबद्दल विचारा आणि ऐकून घ्या. ‘चाचा’ म्हणून डोळे भरून येणारी म्हातारी माणसं भेटतील, आणि सत्तरच्या दशकावरून कडाकडा बोलणारेही.

आणखी एक काम इथेच करण्यासारखं आहे, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये, बंदराला लागून, शिवसागर रामगुलाम यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या दहा जणांना हे कोण म्हणून विचारलं, तर बहुतेक नऊ जण कुणीतरी नगरसेवक असावेत असं म्हणतील. तिथे चार ओळींचा फलक लावायची परवानगी महापालिकेकडून मिळवून द्या. त्यात १९६८ येऊ द्या, चागोसही येऊ द्या आणि १९८२ सुद्धा. मजकूर लागला तर मी लिहून देतो, मानधन नको.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
रत्नागिरीकडचा एक मतदार